वसई रोडला न उतरलेला शब्द

आमच्या वयाच्या दोन बायका भेटल्या की मराठी व्याकरणातली नामं रजेवर जातात आणि सगळा कारभार सर्वनामांवर चालतो.

"अगं, ती भेटली होती काल. तिच्या त्यांचं ते झालं म्हणे."

"हो, कळलं. पण ते त्याच्याकडे कशाला केलं? त्या दुसऱ्याकडे करायचं."

"तो कुठे आहे आता! तो गेला ना तिकडे, मुलाकडे."

एवढ्या बोलण्यात एका गुडघ्याचं ऑपरेशन, ते करणारा सर्जन, त्याच्याबद्दलचं आमचं प्रतिकूल मत आणि दुसऱ्या सर्जनचं कॅनडाला प्रयाण, असं सगळं येऊन गेलेलं असतं. बाजूला बसलेल्या सुनेला यातलं काही म्हणजे काही कळत नाही. आम्हाला मात्र कुठेही अडत नाही. अडतं ते तिसऱ्या माणसाशी बोलताना. त्याला नामं लागतात.

आगाशीच्या बाजारात मला असं एक नाम लागलं होतं. पुण्याच्या नणंदेला पाठवायला काहीतरी इकडचं घ्यायचं होतं. काय घ्यायचं ते डोळ्यांसमोर स्वच्छ होतं. रंग, वास, दाताला चिकटणं, सगळं. भाजीवालीला म्हटलं, "ते वाळवलेलं कुठे मिळेल हो?" वसईकडच्या बाजारात 'वाळवलेलं' म्हटल्यावर माणूस काय दाखवणार? तिने हात केला सुक्या मासळीच्या रांगेकडे. बोंबील, जवळा, सोडे, सगळं हारीने मांडलेलं. मी म्हटलं, "तसलं नाही हो, गोड असतं ते." भाजीवालीने माझ्याकडे नीट पाहिलं. गोड बोंबील मागणारी बाई तिने आजवर पाहिली नसावी. मग मी राजेळी केळ्यांपासून सुरुवात केली. ती सोलून उन्हात कशी ठेवतात, रंग कसा मधासारखा येतो, वाळक्या पानात कशी बांधतात, एखाद्या शेतकी अधिकाऱ्याने सांगावं तशी सगळी कृती सांगितली. मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांनाही उपयोगी पडली असेल. तेवढा एक शब्द काही आला नाही. शेवटी दुधी आणि पालक घेऊन घरी आले.

रात्री आमटीला फोडणी देताना मोहरी तडतडली आणि मी ओरडले, "सुकेळी!"

हे आतून धावत आले. "काय झालं?"

"सुकेळी! सुकेळी म्हणायचं होतं मला."

"मग? आणलीस का?"

संसाराला चाळीस वर्षं होत आली की नवरे असेच प्रश्न विचारतात.

तर हा प्रकार काय आहे, याची चौकशी माणसाने फार पूर्वीच सुरू केली. 1966 साली अमेरिकेत हार्वर्डच्या रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅकनील यांनी मुद्दाम माणसांचे शब्द अडवून पाहिले. क्वचित वापरल्या जाणाऱ्या शब्दांचे कोशातले अर्थ वाचून दाखवायचे आणि शब्द विचारायचा. एक शब्द होता सेक्स्टंट, म्हणजे सूर्य-ताऱ्यांचे कोन मोजून भर समुद्रात जहाज कुठे आहे ते ठरवण्याचं साधन. (वसईच्या किल्ल्याखाली नांगर टाकणाऱ्या पोर्तुगीज कप्तानांना सेक्स्टंट मिळाला नाही, तो पुढच्या काळातला. पण आठवेना तेव्हा 'ते कोन मोजायचं आणा रे' असं तेही म्हणत असतीलच.) गंमत ही की शब्द न आठवणाऱ्यांना त्याचं पहिलं अक्षर पुष्कळदा बरोबर सांगता आलं. शब्दात साधारण किती अक्षरं आहेत हेही सांगता आलं. म्हणजे शब्द हरवलेला नसतो. तो आत आलेला असतो, नुसता बाहेर पडत नाही.

हे कोणाही विरार लोकलवाल्याला समजावून सांगावं लागू नये. संध्याकाळची गाडी वसई रोडला थांबते, तुम्ही आत उभ्या आहात, फलाट दिसतोय, रिक्षाची रांग दिसतेय, फक्त दारात नालासोपारा-विरारच्या बायकांची भिंत आहे. तुम्ही "उतरायचंय, उतरायचंय" म्हणत राहता आणि गाडी सुटते. शब्दाचं तेच होतं. तो पुढे जातो, विरारला उतरतो, उलटी गाडी धरतो आणि रात्री फोडणीच्या वेळेला घरी पोचतो. दरम्यान तुमच्या स्टेशनवर भलतेच उतरलेले असतात. मला सुकेळी हवी होती तर 'सुकडी' उतरली, 'शिकेकाई' उतरली, एकदा 'सुकाणू'सुद्धा उतरलं. मानसशास्त्रज्ञांनी या घुसखोरांना सिंड्रेलाच्या सावत्र बहिणींचं नाव दिलं आहे. बोलावलेलं नसताना पुढे येतात आणि जिला बोलावलं तिला दडपून ठेवतात.

वय वाढतं तसं हे वाढतं, यात शंका नाही. 1991 मध्ये डेबोरा बर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं जे कारण मांडलं ते मला पटतं. शब्दाचा अर्थ एका ठिकाणी आणि त्याचा आवाज दुसऱ्या ठिकाणी असतो. मधली वाट वापरात नसली की आणि वय झालं की क्षीण होते. अर्थ शाबूत राहतो, आवाजापर्यंत पोचणं जमत नाही. म्हणून तर मी सुकेळ्यांची कृती सांगू शकले. आणि शब्दसाठ्याचं म्हणाल, तर म्हातारी माणसं तरुणांपेक्षा श्रीमंत असतात. आमच्या नातवाला 'उखळ', 'रोवळी', 'पाटा-वरवंटा' यातलं काही आठवत नाही, कारण त्याला ते कधी ठाऊकच नव्हतं. न आठवायलासुद्धा आधी शब्द माहीत असावा लागतो.

सगळ्यात जास्त अडतात ती माणसांची नावं. एखाद्याचा धंदा सुतारकीचा आहे हे कळलं की करवत, रंधा, लाकडाचा भुसा, आपल्या मोडलेल्या खुर्चीचं लोंबकळणारं काम, सगळं त्याच्याभोवती जमतं आणि 'सुतार' हा शब्द कुठून ना कुठून सापडतो. पण एखाद्याचं आडनाव सुतार असेल आणि तो बँकेत असेल, तर त्या आडनावाला धरायला काहीच नसतं. ते पहिलं निसटतं.

या बाबतीत आमच्या पिढीतल्या बायका मात्र पूर्वीपासून तयारीच्या. नवऱ्याचं नाव घ्यायचंच नाही म्हटल्यावर आम्ही 'हे', 'अहो' आणि 'आमच्याकडचे' यांवर हयात काढली. आता सगळ्याच गोष्टींना 'हे' म्हणतो, एवढाच फरक. नाव घ्यायचं ते उखाण्यात. माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या पंच्याहत्तरीला पोरींनी उखाण्याचा हट्ट धरला. जाऊबाई उभ्या राहिल्या. किल्ला, अर्नाळ्याचा समुद्र, जीवदानीचा डोंगर असं सगळं यमकात चोख बसवून त्या नावाशी आल्या आणि थांबल्या. समोर भावजी कोटाची बटणं लावून बसलेले. सगळीकडे "लाजल्या, लाजल्या!" असा गलका झाला. भावजीही चक्क लाल झाले. मग नातीने खोडी काढायची म्हणून नावाचं पहिलं अक्षर पुटपुटलं आणि नाव बाहेर पडलं. टाळ्या. नंतर स्वयंपाकघरात श्रीखंड वाढून घेताना जाऊबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "लाजत्येय कसली! आठवेचना मेलं."

नातीने अजाणता केलं ते शास्त्राला धरून होतं. अडलेल्या शब्दाचं सुरुवातीचं अक्षर कानावर पडलं तर तो सुटायला मदत होते, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. लहानपणी पाटीवर 'नाव-गाव-फळ-फूल' खेळताना आपण दुसरं काय करत होतो?

इथवरचं सगळं डोक्याचं झालं. मला खरा नवल वाटणारा भाग डोक्याच्या खालचा आहे. 2018 साली इंग्लंडच्या बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या कात्रिन सेगार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये एक अभ्यास छापला. सत्तरीच्या आसपासची 28 धडधाकट माणसं घेतली. त्यांना व्यायामाच्या सायकलवर बसवून श्वासातला प्राणवायू मोजला, म्हणजे दम किती आहे ते पाहिलं. मग प्रसिद्ध माणसांची नावं विचारली, शब्दांचे अर्थ सांगून शब्द विचारले. दम ज्यांचा चांगला त्यांचे शब्द कमी अडले. वय आणि शब्दसाठा यांचा हिशेब बाजूला काढूनही हे नातं राहिलं.

अठ्ठावीस म्हणजे काही फार नव्हेत. आमच्या सोसायटीच्या हळदीकुंकवाला याहून जास्त येतात. शिवाय दम आहे म्हणून शब्द येतात की जी माणसं एकूणच ठणठणीत त्यांचं दोन्ही चांगलं असतं, हे अशा अभ्यासावरून सांगता येत नाही, आणि अभ्यास करणाऱ्यांनीही तसा दावा केलेला नाही. तरी मी ते वाचलं आणि पहिल्यांदा काही आठवलं असेल तर विरारची लेडीज स्पेशल.

पश्चिम रेल्वेने 1992 च्या मे महिन्यात चर्चगेट ते बोरिवली लेडीज स्पेशल सुरू केली आणि पुढच्या वर्षी ती विरारपर्यंत आणली. आमच्या नोकरीची निम्मी वर्षं त्या गाडीत गेली. त्यात मटार सोलले, मेथी निवडली, नवरात्रात रंगांप्रमाणे साड्या नेसलो, मार्गशीर्षातल्या गुरुवारी वाण लुटलं. हे सगळं लोकांनी लिहून झालंय. त्या गाडीपर्यंत पोचायला काय करावं लागे ते कुणी लिहीत नाही. फोर्टातून चर्चगेटपर्यंत पायांना चाकं लावून चालायचं. सकाळी पुलावर चढावं आणि गाडी दुसऱ्या फलाटावर येणार अशी घोषणा व्हावी, की साडीच्या निऱ्या एका हातात धरून तीच पायरी उलटी. परत येताना दारात आपल्यापुरती जागा करायची ती खांद्याने, आणि त्याच वेळी भांडायचं ते तोंडाने. त्या भांडणात माझा एकही शब्द कधी अडलेला मला स्मरत नाही. नामं, विशेषणं, क्रियापदं, समोरच्या बाईच्या माहेरचा उद्धार, सगळं वेळेवर आणि क्रमाने येत असे. याला डॉक्टर आता एरोबिक व्यायाम म्हणतात. आम्ही त्याचे दर महिन्याला पासाचे पैसे भरत होतो.

निवृत्त झाले आणि सगळे म्हणाले, आता आराम करा. केला. लिफ्ट आहे, भाजी फोनवर येते, किराणा फोनवर येतो, मुलगा म्हणतो कुठे जायचं तर रिक्षा करून जा. शब्द अडायला लागले ते याच सुमाराला, आणि आम्ही म्हटलं, वय झालं. वयावर एकदा ढकललं की पुढे काही करावं लागत नाही, ही त्यातली सोय.

पलीकडच्या वाडीत एक आजी आहेत. ऐंशी उलटलेल्या. घरच्यांशी त्या इकडच्या कादोडी बोलीत बोलतात आणि माझ्याशी मराठीत, आणि दोन्हींत त्यांना कुठे ठेच लागत नाही. अजून अळवाला स्वतः पाणी सोडतात, मोगऱ्याच्या कळ्या वाकून खुडतात, रविवारी चर्चला चालत जातात. मी एखाद्याचं नाव विसरले की त्या त्याचं नाव, बापाचं नाव, आळी, त्याच्या आईचं माहेर आणि त्या घरात 1960 च्या आसपास झालेलं विहिरीवरचं भांडण एवढं सगळं माझ्या पदरात टाकतात. एका आजीवरून सिद्धांत मांडू नये, मान्य. पण मला त्यांच्या अंगणात उभं राहून बर्मिंगहॅम पटतं.

अमेरिकेतला आणखी एक अभ्यास आहे, 2011 सालचा. 120 वयस्कर माणसं घेतली. निम्म्यांना आठवड्यातून तीनदा चाळीस मिनिटं जोरात चालायला लावलं, निम्म्यांना नुसते ताण देण्याचे व्यायाम दिले. वर्षभराने चालणाऱ्यांच्या मेंदूतला स्मरणाशी संबंधित एक भाग सुमारे दोन टक्क्यांनी वाढलेला दिसला. दुसऱ्यांचा थोडा आकसला होता. स्मरण आणि शब्द सापडणं या अगदी एकच गोष्टी नव्हेत, पण बिऱ्हाड एकाच वाड्यात आहे.

आणि शरीर म्हणजे काही नुसता दम नव्हे. आमच्या कट्ट्यावरच्या एका काकांना सगळ्यांनी विसरभोळे ठरवून टाकलं होतं. कशाला काय म्हणत. 'बँकेत' विचारलं तर 'वांग्याचं' सांगत. शेवटी मुलीने कान तपासून यंत्र लावून दिलं आणि काकांची बुद्धी रातोरात सुधारली. इतकी, की आता ते सगळ्यांच्या चुका काढतात आणि कट्ट्यावर थोडी नाराजी आहे. ज्याला शब्द ऐकू येत नाहीत त्याचे शब्द झिजणारच. 2024 मध्ये लॅन्सेटच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाला हातभार लावणाऱ्या ज्या 14 टाळता येण्याजोग्या गोष्टी सांगितल्या, त्यांत ऐकू न येणं आहे, रक्तदाब आहे, मधुमेह आहे आणि बसून राहणंही आहे. या चौदांचा बंदोबस्त झाला तर जवळपास निम्मे, 45 टक्के, रुग्ण टळतील किंवा त्यांचा आजार लांबेल असा त्यांचा हिशेब आहे.

बाकीचे संशयित प्लास्टिकच्या पिशवीतल्या रिपोर्टांत सापडतात. बी-बारा कमी असेल तर डोकं जड चालतं, आणि आपल्यातल्या निव्वळ शाकाहारी माणसांत ते कमी असण्याची शक्यता जास्त. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांतही ते उतरतं. थायरॉईड मंद, माणूस मंद. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्यांनी कधी कधी अंगातलं सोडियम घसरतं आणि आजोबा दुपारी तीनला "सकाळ झाली का?" विचारतात. सर्दी-खोकल्याची साधी गोळीसुद्धा काही जुन्या प्रकारातली असेल तर म्हाताऱ्या माणसाला दिवसभर धुक्यात ठेवते. झोप न लागणं तर घरोघरचं. यातलं पुष्कळसं रक्त तपासून कळतं आणि बरंही होतं. आपण मात्र बदाम भिजत घालतो.

एका बाबतीत थट्टा नाही. शब्द एकाएकी गेले, बोबडी वळली, तोंड एका बाजूला ओढलं गेलं, हात उचलेना, समोरच्याचं बोलणं कळेना, असं काही झालं तर ते वय नव्हे, तो पक्षाघात असू शकतो. रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. ज्यांनी हायवेवर वर्सोवा पुलाजवळ गाडीत बसून तास मोजलेत, त्यांना हे साडेचार तास किती थोडे असतात ते सांगायला नको. तेव्हा साखर-पाणी देऊन, पाय चोळून, पुण्याच्या काकांना फोन करून वेळ घालवू नये. जवळचं, मेंदूचं स्कॅन होईल असं रुग्णालय कोणतं ते आजच पाहून ठेवावं. आणि घरातलं माणूस रोजच्या वापरातले शब्द, चमचा, दार, मुलाचं नाव, वारंवार विसरू लागलं, पहिलं अक्षर सांगूनही उपयोग होईना, तर डॉक्टरांना दाखवावं. सुकेळी विसरणं वेगळं आणि सुकेळ्यांचं काय करतात ते विसरणं वेगळं.

मी आता चालते. सुरुची बागेपासून सुरूच्या झाडांखालून, भरतीची वेळ पाहून. किल्ल्यातही जाते. चिमाजी अप्पांच्या फौजेने 1739 मध्ये जिंकलेल्या त्या तटाच्या आत सकाळी सहाला निवृत्तांची अशी काही फौज फिरत असते की पोर्तुगीजांनी आत्ताही दार उघडून दिलं असतं. एकटं चालायचं नाही, कुणालातरी बरोबर घ्यायचं आणि बोलत चालायचं, एवढी एकच अट. धाप लागली पाहिजे, पण वाक्य पुरं झालं पाहिजे. जीवदानीच्या तेराशेवर पायऱ्या मात्र माझ्या मैत्रिणींनी पुढच्या वर्षावर टाकल्यात, गेली काही वर्षं.

पण किल्ला आणि समुद्र सगळ्यांच्या दारात नसतो. नालासोपाऱ्याच्या पूर्वेला चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या आजींनी कुठे चालायचं? खाली उतरलं की स्कूटर, मग हातगाडी, मग पाण्याचा टँकर, आणि जूनपासून गुडघाभर पाणी. डॉक्टर कागदावर 'रोज चालणे' लिहून देतात. फूटपाथ काही लिहून देत नाहीत. आमच्याकडे वर्षातून एकदा मॅरेथॉन होते, देशभरातून माणसं येऊन धावतात, रस्ते त्या दिवशी मोकळे करतात, फार छान वाटतं. आम्हा म्हाताऱ्यांना बेचाळीस किलोमीटर नकोत. घरापासून दूधवाल्यापर्यंतची सरळ वाट रोज मोकळी मिळाली तरी पुष्कळ शब्द घरी परत येतील.

तोवर मुलासुनांना एवढंच सांगणं: आईला भाजीला फोन करू देऊ नका, पिशवी हातात देऊन पाठवा आणि जमलं तर बरोबर जा. कान, बी-बारा, थायरॉईड आणि साखर एकदा तपासून घ्या. आणि तिचा शब्द अडला तर लगेच अख्खा पुरवू नका. पहिलं अक्षर सांगा आणि थांबा. दारातली गर्दी जराशी बाजूला झाली की तो आपला आपण उतरतो.